घाटाच्या अलीकडचे चार तास

प्रति,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्हा नियोजन समित्यांचे सर्व सदस्य,
तिन्ही जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी व जिल्हा शल्यचिकित्सक यांस,

सप्रेम नमस्कार.

आम्ही छातीविकार, भूल आणि अतिदक्षता या विभागांत कोकणात काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ आहोत. नियोजनाच्या बैठकीत आरोग्याचा विषय निघाला की व्हेंटिलेटरची मागणी हमखास येते. यंदा ती बाजूला ठेवावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहोत. कोविडच्या दोन वर्षांत आलेली यंत्रं आपल्या रुग्णालयांत आजही उभी आहेत. त्यांच्याशेजारी रात्री तीन वाजता उभी राहणारी माणसं कमी आहेत. मोजून ठेवलेला ऑक्सिजन कमी आहे. आणि रुग्ण घाटापलीकडे पोचेपर्यंत त्याचा श्वास चालू ठेवायचा कसा, याची शिस्त कमी आहे.

रत्नागिरीचा अत्यवस्थ रुग्ण आंबा घाटातून कोल्हापूरला जातो. चिपळूणचा कुंभार्ली चढून कराडला, कणकवली-वैभववाडीचा फोंडा किंवा करूळ घाटानं कोल्हापूरला, सावंतवाडी-दोडामार्गचा गोव्यात बांबोळीला, महाड-पोलादपूरचा मुंबईला नाहीतर पुण्याला. गाडी दारात येण्यापासून पलीकडच्या खाटेवर रुग्ण ठेवेपर्यंत चार तास धरावे लागतात, आणि दरड आली तर तेही पुरत नाहीत. अलिबाग, सिंधुदुर्गनगरी आणि रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली, ही मोठीच गोष्ट आहे. पण महाविद्यालय झालं म्हणून मंडणगड रत्नागिरीच्या जवळ येत नाही. निधी आणि मनुष्यबळ आधी या चार तासांवर लावा, हे आमचं मुख्य म्हणणं आहे.

इथे दम लागून येणारा माणूस कोण असतो? मोहोराच्या दिवसांत फवारणी करताना औषध अंगावर आलेला बागेतला गडी. लावणीनंतर तापानं फणफणलेला आणि चौथ्या-पाचव्या दिवशी खोकल्यातून रक्त पडू लागलेला शेतकरी. एक्सरे बघून त्याला न्यूमोनिया म्हटलं जातं आणि असतो लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस. विंचवाच्या दंशानंतर गार घामानं भिजलेलं, गुलाबी फेस टाकणारं पोर. लाटेत सापडलेला पर्यटक. चाळीस वर्षं चुलीसमोर बसलेली आजी. बर्फाच्या कारखान्यात अमोनिया हुंगलेला कामगार. या प्रत्येकाची निगा वेगळी आहे आणि मोठ्या शहराचा साचा त्यांना पुरत नाही.

मण्यारीचंच घ्या. ती रात्री चावते, बहुतेक वेळा जमिनीवर झोपलेल्याला. फारसं दुखत नाही, सूज येत नाही, दाताची खूणही पुष्कळदा सापडत नाही. पहाटे माणूस पोटात कळ आली म्हणून उठतो. मग पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसू लागतात, घोट उतरत नाही, आवाज नाकातून येऊ लागतो. ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवण्याची चूक इथेच होते. पहाटेची पोटदुखी आणि मिटत जाणाऱ्या पापण्या एकत्र दिसल्या, तर उलट सिद्ध होईपर्यंत ती मण्यारच समजायची. सर्पविषविरोधी इंजेक्शनच्या दहा कुप्या तासाभरात सलाइनमधून द्यायच्या आणि त्याची रिॲक्शन आली तर म्हणून ॲड्रिनॅलिन भरून हाताशी ठेवायचं. मुलालाही दहाच कुप्या, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. मात्र मण्यारीचं विष मज्जातंतूच्या टोकालाच इजा करतं. लुळेपणा आल्यावर दिलेलं इंजेक्शन तो मागे फिरवू शकत नाही. हा रुग्ण वाचतो तो श्वासावर. दोन-चार दिवस, कधी आठवडाभर, त्याची छाती यंत्रानं हलती ठेवली की तो आपल्या पायांनी घरी जातो.

श्वासनलिकेत नळी कधी घालायची, हे ठरवायला महागडं काही लागत नाही. खोल श्वास घ्यायला सांगून एका दमात एक, दोन, तीन असं मोजायला लावा आणि शेवटचा आकडा दर अर्ध्या तासानं केसपेपरवर लिहा. निरोगी माणूस तीस-चाळीस सहज ओलांडतो. आकडा घसरत वीसच्या खाली आला, उशीवरून डोकं उचलेना, लाळ तोंडात साचू लागली, की नळी इथेच घालायची, घाट चढण्याआधी. ‘पुढे कोल्हापूरला घालतील’ म्हणून नुसत्या मास्कवर पाठवलेल्या अशा रुग्णाचा श्वास वाटेत थांबतो. ऑक्सिमीटर इथे फसवतो. ऑक्सिजन चालू असला की छाती थकत आली तरी आकडा ९७-९८ दाखवत राहतो आणि आत कार्बन डायऑक्साइड साचत जातो.

पूर्ण लुळा पडलेला हा रुग्ण मेंदू मृत झाल्यासारखा दिसतो. बाहुल्या मोठ्या, उजेडाला न हलणाऱ्या. चिमट्याला प्रतिसाद नाही. पण तो ऐकत असतो. त्याच्या उशाशी ‘आता काही राम नाही’ असं कुणीही बोलू नये. त्याला झोपेचं औषध द्यावं, नावानं हाक मारावी, काय करतो आहोत ते सांगत राहावं. यंत्र काढण्याचा विषय त्या दिवशी तर निघूच नये. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आणि सिस्टरना हे एवढं शिकवायला दोन दिवस पुरतात. लागतात सरावाचा एक पुतळा, नळी घालताना घसा बघायचा एक लॅरिंजोस्कोप, आणि हातानं दाबून श्वास द्यायची अँब्यू बॅग, मोठ्या माणसाची आणि लहान मुलाची एकेक. या कामाचा निधी मागताना आम्हाला संकोच वाटत नाही.

विंचवाबद्दल थोडक्यात सांगतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला, तो याच मातीत. किलोला ३० मायक्रोग्रॅम, तोंडावाटे, साधी गोळी. अंगात सावकाश विरघळणारी गोळी इथे चालत नाही. तरीही रक्तदाब घसरलेला बघून सलाइन धडाधड चढवलं जातं आणि आधीच पाणी भरू लागलेली फुप्फुसं आणखी भरतात. गोळी स्वस्त आहे. ती औषधसाठ्याच्या यादीत असली, तरी कपाटात आहे का, हे प्रत्येक केंद्रात जाऊन पाहायला हवं.

आता गाडीतला ऑक्सिजन. ‘सिलिंडर भरलेला आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. किती लिटर आहे, ते विचारा. हिशेब सोपा आहे. सिलिंडरची पाण्याची क्षमता गुणिले घड्याळावरचा दाब, बारमध्ये. बी-टाइप सिलिंडर १० लिटरचा, दाब १५०, म्हणजे १,५०० लिटर वायू. काटा ७५ वर असेल तर ७५० लिटर. जंबो साधारण ४७ लिटरचा, त्यात सुमारे ७,००० लिटर.

मिनिटाला १५ लिटर लागणारा रुग्ण रत्नागिरीहून कोल्हापूरला निघाला आणि प्रवास साडेतीन तासांचा धरला, तर २१० मिनिटांना ३,१५० लिटर लागतात. एक पूर्ण भरलेला बी-टाइप १०० मिनिटांत, म्हणजे आंबा घाटाच्या आसपासच संपतो. दरड, पंक्चर, पलीकडे दारात थांबणं यासाठी निम्मा जास्त धरला की ४,७२५ लिटर होतात. म्हणजे चार बी-टाइप किंवा एक जंबो. रुग्ण गाडीत ठेवण्याआधी हा गुणाकार रेफर चिठ्ठीवर लिहिलेला असला पाहिजे आणि त्याखाली सही असली पाहिजे. १०८ च्या गाडीलाही हाच नियम आणि खासगी गाडीलाही. रेग्युलेटरची चावी आणि सुटा वॉशर गाडीत दोरीनं बांधून ठेवा. अंधारात घाटात सिलिंडर बदलताना नेमका तोच सापडत नाही.

वॉर्डात नाकातून जोरात ऑक्सिजन देणारी यंत्रं आली आहेत. ती उपयोगाची आहेत, पण खादाड आहेत. ६० लिटरचा प्रवाह आणि ९० टक्के ऑक्सिजन लावला तर मिनिटाला सुमारे ५२ लिटर शुद्ध वायू जातो, आणि जंबो सव्वादोन तासांत रिकामा होतो. एका रुग्णाला दिवसाला जवळपास अकरा जंबो. जिथे द्रवरूप ऑक्सिजनची टाकी नाही, तिथे असा एक रुग्ण अख्ख्या वॉर्डाचा साठा संपवू शकतो. त्याच रुग्णाला घट्ट बसणारा मास्क लावून बायपॅपवर, म्हणजे नळी न घालता दाबानं हवा देणाऱ्या यंत्रावर, ठेवता येतं का, पालथं झोपवता येतं का, हे आधी पाहिलं पाहिजे. पालथं झोपवण्याला उशा आणि चार माणसांचे हात एवढंच लागतं.

व्हेंटिलेटर लावताना रोज होणारी एक चूक आहे आणि ती टाळायला दहा रुपयांची टेप पुरते. यंत्र एका श्वासात किती हवा ढकलणार, तो आकडा वजनावरून ठरवायचा नसतो, उंचीवरून ठरवायचा असतो, कारण माणूस जाड झाला म्हणून फुप्फुसं मोठी होत नाहीत. सेंटिमीटरमधल्या उंचीतून १५२.४ वजा करायचे, उरेल त्याला ०.९१ नं गुणायचं आणि बाईसाठी त्यात ४५.५ मिळवायचे, पुरुषासाठी ४५.५ च्या जागी ५०. येणाऱ्या किलोंना सहानं गुणायचं. आपल्याकडची १५० सेंटिमीटर उंचीची बाई घेतली तर ४३ किलो, म्हणजे २६० मिलिलिटर. यंत्र सुरू करताना पडद्यावर जे ४५० किंवा ५०० दिसतं, तेच राहू दिलं तर तिच्या आधीच सुजलेल्या फुप्फुसांत जवळपास दुप्पट हवा जाते, फुग्यासारखी ती ताणली जातात आणि फाटतात. २००० साली अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीत किलोला बारा मिलिलिटरऐवजी सहा दिल्यावर मृत्यूचं प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आलं. त्यानंतर पाव शतक गेलं, आणि खाटेला टेप बांधलेली दिसणं आजही विरळाच. प्रत्येक अतिदक्षता खाटेला कापडी टेप बांधा आणि उंचीचा तक्ता भिंतीवर लावा. हा ठराव एका बैठकीत होऊ शकतो.

टेपच्या शेजारी आणखी एक वस्तू हवी, कफचा दाब मोजायचं घड्याळ. नळीच्या टोकाचा फुगा बोटानं दाबून ‘ठीक आहे’ म्हटलं जातं. दाब पाण्याच्या २० सेंटिमीटरच्या खाली गेला तर तोंडातली घाण फुप्फुसात झिरपते. ३० च्या वर गेला तर श्वासनलिकेला जखम होते आणि महिन्यादोन महिन्यांनी तीच माणसं घरघरत परत येतात. दर पाळीला एकदा मोजायचं, लिहायचं. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, ब्रशनं दात घासणं, सक्शनचं कॅथेटर एकदाच वापरणं: यातलं काहीही नवं नाही. पण सहा रुग्णांमागे एक सिस्टर असेल तर ते होत नाही आणि त्यासाठी तिला दोष देता येत नाही.

चुलीच्या धुराच्या आजारावर आमचा फार जीव आहे, कारण तो सर्वांत जास्त दिसतो आणि सर्वांत कमी ओळखला जातो. विडीचं थोटूकही कधी हातात न धरलेल्या बायका, पन्नाशी-साठीच्या, पावसाळ्यात ओली लाकडं फुंकून फुंकून दम्यासारख्या धापा टाकत येतात. त्यांना वर्षानुवर्षं ‘दमा’ म्हणून गोळ्या आणि खोकल्याची बाटली मिळते. फुंकून पाहायची चाचणी कधी होत नाही. मग एका रात्री ऑक्सिजन ८० वर आलेला बघून घाबरून १० लिटरचा मास्क लावला जातो. तासाभरात आकडा ९९ होतो, बाई शांत झोपते, आणि घरच्यांना वाटतं, आराम पडला. ती झोप कार्बन डायऑक्साइडची असते. या रुग्णांचं लक्ष्य ८८ ते ९२ आहे. नाकातल्या नळीनं एक-दोन लिटरवर सुरुवात करून हळूहळू वाढवायचं, वाफाऱ्याचं औषध शक्यतो ऑक्सिजनवर न देता हवेच्या यंत्रावर द्यायचं, आणि धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत सामू (पीएच) ७.३५ च्या खाली असेल तर बायपॅप लावायचं. श्वास घेतानाचा दाब पाण्याच्या १० सेंटिमीटरपासून वाढवत १५ ते २०, सोडतानाचा ४-५. एक-दोन तासांनी पुन्हा रक्त तपासायचं. सुधारणा नसेल तर नळीचा निर्णय तेव्हाच. खाटेच्या डोक्याशी मोठ्या अक्षरांत ‘८८–९२’ लिहिलेली पाटी लटकवली तर रात्रपाळीत बदललेली व्यक्तीही चुकत नाही.

धमनीतल्या रक्ताच्या या तपासणीचं यंत्र उपजिल्हा रुग्णालयात असतं, पण त्याची कार्ट्रिज संपलेली किंवा मुदत उलटलेली असते. यंत्र भांडवली खर्चातून येतं आणि कार्ट्रिज चालू खर्चातून, आणि चालू खर्चाला तरतूद नसते. अतिदक्षता विभागातलं निम्मं दुखणं या एका वाक्यात आहे. फिल्टर, सर्किट, ऑक्सिजन सेल, बॅटरी, कार्ट्रिज यांची वर्षाची यादी करून तरतूद यंत्राच्या मंजुरीतच बांधा.

आमच्या हवेतलं मीठ हा स्वतंत्र विषय आहे. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या प्रकल्पांचं हृदय म्हणजे झिओलाइटचे दाणे. ते नायट्रोजन धरतात आणि पाण्याला तर त्याहून घट्ट धरतात. म्हणून आत जाणारी हवा कोरडी हवी. किनाऱ्यावर ड्रायरच्या जाळीवर खारं बाष्प बसतं, पत्रे गंजतात, थंडावा कमी होतो, ओलावा पुढे सरकतो आणि दाणे निकामी होतात. शुद्धता ९३ टक्क्यांच्या आसपास, वर-खाली तीन टक्के, अपेक्षित असते. ती ९० च्या खाली गेली की व्हेंटिलेटर शंभर टक्के म्हणून जे देतं ते नव्वदही नसतं. बंद ठेवलेला प्रकल्प सर्वांत लवकर बिघडतो, कारण झडपांतून ओलावा आत शिरत राहतो. ‘रुग्ण नाहीत म्हणून बंद आहे’ हे उत्तर स्वीकारू नका. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी काही तास चालवून शुद्धतेचा आकडा वहीत लिहिला गेला पाहिजे. ड्रायरची जाळी गोड्या पाण्यानं धुणं, फिल्टर बदलणं, तेलाचा अंश तपासणं यासाठी किनाऱ्यावर कंपनीच्या पुस्तिकेतल्या मुदतीच्या निम्मी मुदत धरा. आणि जंबोंची राखीव रांग कायम भरलेली ठेवा, कारण वीज गेली की प्रकल्पही थांबतो. द्रव ऑक्सिजनचा टँकर घाटातूनच येतो. जून ते सप्टेंबर टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नका.

वीज गेल्यावर काय होतं, ते आपण पाहिलं आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोलीच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं आणि कोविड रुग्णालयात रुग्ण दगावले. पाणी ओसरल्यावर नवी जनित्रं आली, पण ती कुठे बसवली आहेत ते बघा. जनित्र, त्याचा डिझेल साठा, मुख्य पॅनल आणि ऑक्सिजनची मॅनिफोल्ड खोली (जिथे सिलिंडर पाइपलाइनला जोडतात ती), या चारपैकी एक जरी पूररेषेच्या खाली राहिली तर उरलेल्या तिन्हींचा उपयोग नाही. अतिदक्षता विभाग वरच्या मजल्यावर आणि पॅनल तळमजल्यावर, ही रचना आजही आढळते.

व्हेंटिलेटरच्या आतली बॅटरी कागदोपत्री जेवढी चालते तेवढी जुनी झाल्यावर चालत नाही. ती तपासायची रीत एकच आहे: रुग्ण नसताना, कृत्रिम फुप्फुस लावून, प्लग काढायचा आणि घड्याळ लावून बसायचं. यंत्र किती मिनिटांनी बंद पडलं, ते त्याच्याच अंगावर चिकटपट्टीनं लिहायचं. ज्याच्यावर ‘१२ मिनिटं’ लिहिलं असेल ते घाटात पाठवायचं नाही.

घरी ऑक्सिजनवर असलेल्यांचं कुणी मोजतच नाही. पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर साडेतीनशे वॅटच्या आसपास वीज खातं. घरातल्या नेहमीच्या दीडशे अँपिअर-अवरच्या इन्व्हर्टरवर ते जेमतेम तीन-साडेतीन तास चालतं. अशा रुग्णांची गावनिहाय नोंद आशाताईंकडून करून घ्या आणि तिची प्रत महावितरणच्या उपविभागाला द्या. वादळाचा इशारा आला की या घरी भरलेला सिलिंडर आधी पोचावा.

कोकण म्हणजे मराठी बोलणारी खेडी, असं धरून चाललं तर वॉर्डात अडतं. रत्नागिरी, चिपळूण, महाड, सावंतवाडी ही आता मिश्र वस्तीची शहरं आहेत. मच्छीमार बोटींवर आणि आंब्याच्या बागांत नेपाळी कामगार आहेत, बांधकामावर कर्नाटक आणि उत्तरेकडचे, रायगडात कोळसाभट्टीवर जाणारे कातकरी, गावोगाव कोकणी मुसलमान कुटुंबं. नळी किंवा मास्क लावलेला माणूस बोलू शकत नाही. ज्याची भाषाच कुणाला येत नाही तो हात बांधलेल्या अवस्थेत नुसता घाबरतो आणि नळी ओढून काढतो. ‘दुखतंय’, ‘तहान लागली’, ‘दम लागतोय’, ‘कूस बदला’, ‘घरच्यांना बोलवा’ अशा दहा चित्रांचा एक फलक, खाली मराठी, हिंदी, उर्दू, कन्नड आणि नेपाळीत शब्द, एवढ्यानं ही ओढाताण पुष्कळ कमी होते.

रमजानमध्ये अनेक रुग्ण दिवसा इनहेलर बंद करतात आणि ईदच्या आधी धापा टाकत येतात. दिवसातून दोनदा घ्यायचं औषध सेहरी आणि इफ्तारला बांधून देता येतं. हे रमजानच्या आधीच्या महिन्यात, मशिदीच्या कमिटीला सोबत घेऊन सांगितलं तर ऐकलं जातं. आणि निर्णय घेणारा मुलगा कुवेतला किंवा दुबईला असतो, नाहीतर मुंबईत चाकरमानी असतो. रात्री दोन वाजता नळीची परवानगी कागदावर मागण्यासाठी वेळ घालवण्यापेक्षा, दाखल करतानाच ‘कुणाशी बोलायचं, कुठल्या नंबरवर’ हे दोन नातेवाइकांचं लिहून घ्यावं, आणि वॉर्डाला व्हिडिओ कॉल होईल असा एक फोन द्यावा.

खाणींबद्दल आणि एमआयडीसीबद्दल स्वतंत्र पत्र लिहावं लागेल. इथे दोनच गोष्टी. कासार्डे परिसरातल्या सिलिका वाळूच्या कामगाराला खोकला झाला की क्षयाची औषधं सुरू होतात, पुन्हा सुरू होतात, तिसऱ्यांदा सुरू होतात. सिलिकोसिस आहे का, हे विचारलंच जात नाही. तो कायद्यानं कळवण्याचा आजार आहे. काय काम करता आणि किती वर्षं, हा रकाना क्षयाच्या कार्डावरच भरून घ्या. दुसरं, लोटे, महाड, रोह्यात वायुगळती झाली की ज्याला ‘आता बरं वाटतंय’ त्यालाही २४ तास ठेवून घ्या. क्लोरीननंतर फुप्फुसांत पाणी काही तासांनी भरतं. आवाज घोगरा झालेला असेल, तर घसा सुजून बंद होण्याआधी नळी घालणाऱ्याला बोलवा.

हे सगळं करायला माणसं किती लागतात? दहा खाटांचा विभाग धरा, त्यातले चार व्हेंटिलेटरवर. व्हेंटिलेटरला एकास एक आणि बाकी सहांना तीन, म्हणजे पाळीला सात सिस्टर. तीन पाळ्यांच्या एकवीस. साप्ताहिक सुट्टी, रजा, बाळंतपण धरून सत्तावीस-अठ्ठावीस. आठवड्याचे १६८ तास एक डॉक्टर खाटेजवळ ठेवायचा आणि प्रत्येकाला ४८ तास काम द्यायचं, तर किमान चार. रजा धरून पाच. त्यांच्यावर प्रत्येक जिल्ह्याला पूर्णवेळ किमान दोन छातीविकार किंवा अतिदक्षता तज्ज्ञ. आज ही पदं कागदावर आहेत, काही अकरा महिन्यांच्या कंत्राटावर भरलेली आहेत, आणि कंत्राट संपायच्या आधीच माणूस पुण्या-मुंबईला निघतो. राहायला घर, मुलांची शाळा, जोडीदाराची नेमणूक त्याच जिल्ह्यात, या तीन गोष्टी दिल्या तर तो थांबतो. नुसता पगार वाढवून थांबत नाही.

तज्ज्ञ लगेच मिळणार नाहीत, हे आम्हालाही कळतं. तोवर तिन्ही जिल्ह्यांसाठी मिळून एक फोन ठेवा. चोवीस तास, पलीकडे छातीचा किंवा अतिदक्षतेचा डॉक्टर. दापोलीच्या डॉक्टरांनी यंत्राच्या पडद्याचा आणि एक्सरेचा फोटो पाठवायचा, दहा मिनिटांत उत्तर यायचं: इथेच ठेवा, हे आकडे बदला, किंवा नळी घालून पाठवा, अमुक ठिकाणी खाट धरली आहे. त्या पाळ्या आमच्यात वाटून घ्यायला आम्ही तयार आहोत, विनामोबदला, पहिलं वर्षभर. फोन, नंबर आणि रुग्णालयांना तसा लेखी आदेश एवढं आपण द्यायचं आहे.

आणि पावसाआधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, तिन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक अतिदक्षता विभागात रुग्णांची पर्यायी सोय करून मुख्य स्विच बंद करायचा. जनित्र किती सेकंदांत उचलतं, कुठलं यंत्र किती मिनिटं तगतं, जंबोची रांग कुणी उघडली, किल्ली कुणाकडे होती, हे लिहून घ्यायचं. त्या दिवशी आम्ही घड्याळ घेऊन हजर राहू. तारीख आपण कळवावी.

आपले,
कोकणातील छातीविकार, भूल व अतिदक्षता विभागांत काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ